नामिबियाच्या नकाशाला ही शेपटी कुठून फुटली?

वाटसरू७१ | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. भाचा बोट्सवानात नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाखातर गेल्या महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो. शेवटचे चार दिवस देशाच्या पार उत्तर टोकाला, कसाने नावाच्या गावी होतो. तिथे संध्याकाळी चोबे नदीत होडीतून फिरवतात. हत्ती पोहताना पाहिले, पाणघोडे पाहिले. नदीमधल्या एका सपाट गवताळ बेटावर रानम्हशींचा कळप चरत होता आणि मध्येच एक झेंडा रोवलेला होता. होडीवाल्याने पलीकडच्या काठाकडे हात केला आणि म्हणाला, तो नामिबिया.

मी म्हटलं, थट्टा करतोस काय? नामिबिया म्हणजे अटलांटिकच्या कडेचं वाळवंट. ते राहिलं हजारभर किलोमीटर पश्चिमेला.

खोलीवर येऊन नकाशा उघडला तर होडीवालाच बरोबर. नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून एक शेपटी निघते, सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब, काही ठिकाणी जेमतेम तीस किलोमीटर रुंद, आणि थेट झांबेझी नदीला जाऊन टेकते. वर अंगोला आणि झांबिया, खाली बोट्सवाना, आणि टोकापाशी झिंबाब्वे हाकेच्या अंतरावर. तिथेच कझुंगुलाला २०२१ मध्ये नवा पूल झालाय. झिंबाब्वेच्या हद्दीत पाय पडू नये म्हणून तो पूल चक्क वाकडा बांधलाय.

आल्यापासून याच विषयावर वाचतोय. बायको म्हणते, सहलीचे पैसे वसूल झाले, आता पुरे. तर जेवढं हाती लागलं तेवढं लिहितो, पुढचं जाणकारांनी लिहावं.

१ जुलै १८९० रोजी इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात तह झाला. जर्मनीला उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड नावाचं चिमुकलं बेट हवं होतं, इंग्लंडला झांझिबारवर हात ठेवायचा होता. या देवघेवीत जर्मनांनी आणखी एक मागणं घातलं, की आमच्या नैऋत्य आफ्रिकेतून, म्हणजे आजच्या नामिबियातून, झांबेझीपर्यंत जायला वाट द्या. इंग्लंडने दिली. वाट कुठेही वीस इंग्रजी मैलांपेक्षा अरुंद नसावी, असं तहात लिहिलं. बिस्मार्कच्या जागी काप्रिवी नुकताच चॅन्सेलर झाला होता, त्याचं नाव पट्ट्याला चिकटलं. त्यानंतर जर्मन अधिकारी तिथे राहायला यायला १९०९ उजाडलं. म्हणजे एकोणीस वर्षं ती जमीन कागदावरच जर्मन. २०१३ मध्ये नामिबियाने काप्रिवी हे नाव काढून झांबेझी प्रांत असं ठेवलं.

पण जर्मन मुळात त्या किनाऱ्यावर आलेच कसे? ही गोष्ट मला शेपटीपेक्षा मजेशीर वाटली. मजेशीर म्हणजे चीड आणणारी.

ब्रेमेनचा एक तंबाखूचा व्यापारी होता, आडोल्फ ल्युडेरिट्झ. त्याच्या हस्तकाने, फोगेलसांग त्याचं नाव, मे १८८३ मध्ये बेथानीच्या नामा लोकांचा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स याच्याकडून आंग्रा पेकेना नावाची खाडी आणि भोवतालची जमीन विकत घेतली. किंमत शंभर पौंड आणि दोनशे बंदुका. ऑगस्टमध्ये दुसरा करार झाला. ऑरेंज नदीपासून २६ अंश अक्षांशापर्यंतचा अख्खा किनारा, आत वीस मैल रुंदीचा. किंमत पाचशे पौंड आणि साठ बंदुका.

फ्रेडरिक्सला मैल माहीत होता तो केपमधल्या, म्हणजे दक्षिणेच्या इंग्रज वसाहतीतल्या, व्यापाऱ्यांचा. करारात शब्द होता 'भौगोलिक मैल', म्हणजे जर्मन मैल, इंग्रजी मैलाच्या साडेचार पटींहून मोठा. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने बत्तीस किलोमीटर रुंदीचा पट्टा विकला होता. कागदाप्रमाणे तो जवळजवळ दीडशे किलोमीटर होता. आणि हे चुकून झालं नाही. फ्रेडरिक्सला सध्या इंग्रजी मैलच समजू दे, अशी सूचना ल्युडेरिट्झने आपल्या हस्तकाला पत्रातून दिलेली आहे. जर्मन इतिहासात या प्रकाराला 'मैलांचा घोटाळा' असं नावच आहे.

मग ल्युडेरिट्झने सरकारकडे संरक्षण मागितलं. बिस्मार्कला वसाहतींचं वेड नव्हतं. त्याने आधी इंग्लंडला विचारलं, हा किनारा तुमचा आहे का? उत्तर आलं की आमचा फक्त वॉल्विस बे आणि काही बेटं, पण मधल्या भागावर कुणी हक्क सांगितला तर ते आम्हाला चालणार नाही. बिस्मार्कने पुन्हा विचारलं, कुठल्या आधारावर? लंडनने तो कागद केप टाउनला अभिप्रायासाठी धाडला. तिथे मंत्रिमंडळ बदलत होतं. कागद महिनोन्महिने पडून राहिला. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटलं नाही. अखेर २४ एप्रिल १८८४ रोजी बिस्मार्कने केप टाउनच्या जर्मन वकिलाला तार केली की ल्युडेरिट्झ आणि त्याच्या जमिनी साम्राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. जुलैमध्ये केपच्या विधिमंडळाने घाईघाईने किनारा सामील करून घ्यायचा ठराव केला. ऑगस्टमध्ये जर्मन युद्धनौका आल्या आणि ७ तारखेला झेंडा चढला.

माझा प्रश्न साधा आहे. त्या सगळ्या कागदांत 'संरक्षण' हा शब्द सारखा येतो. कुणाचं संरक्षण, आणि कुणापासून?

शंकेखोर | शनिवार, रात्री ११:२५

दोनशे बंदुकांत खाडी? आणि त्या प्रमुखाला ती विकायचा हक्क होता का? गुरं चारायची जमीन सगळ्यांची असणार. पाटलाने गायरान विकल्यासारखं झालं हे.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७:१०

मैलाचं गणित पुरतं करतो. जर्मन भौगोलिक मैल म्हणजे विषुववृत्तावरच्या एका अंशाचा पंधरावा भाग, ७.४२ किलोमीटर. इंग्रजी मैल १.६१. वीस मैलांना फरक पडला सव्वाशे... थांबा, नीट मांडतो : १४८ वजा ३२, म्हणजे ११६ किलोमीटर. एका विशेषणात एवढी जमीन गेली. आणि धागालेखकांनी दिलेल्या १८९० च्या तहात बघा, वीस 'इंग्रजी' मैल असं स्पष्ट लिहिलंय. समोर इंग्रज असला की मैल कुणाचा ते आठवणीने लिहिलं जातं.

व्यापारी त्यातून फार सुखी झाला नाही. पैसे संपले, १८८५ मध्ये त्याने सगळं एका कंपनीला विकलं, आणि १८८६ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाजवळ होडीसकट बेपत्ता झाला. १९०८ मध्ये त्याच वाळवंटात हिरे सापडले.

एक दुरुस्ती सुचवतो. आंतरजालावर सगळीकडे लिहिलेलं असतं की काप्रिवीला व्हिक्टोरिया धबधबा माहीतच नव्हता, झांबेझीतून बोटीने हिंदी महासागर गाठू असं त्याला वाटलं, आणि जर्मनांची फजिती झाली. गोष्ट छान आहे, पण लिव्हिंग्स्टनने १८५५ मध्ये धबधबा पाहिला होता आणि १८५७ मध्ये त्यावर पुस्तकही छापून आलं होतं. बर्लिनमध्ये नकाशे होते, वाचणारेही होते. मोठ्या नदीला आपला काठ टेकलेला असावा, पुढेमागे सौद्यात उपयोगी पडेल, एवढा साधा हिशेब मला दिसतो.

वाटसरू७१ | रविवार, सकाळी ९:०२

दुरुस्ती मान्य. धबधब्याची गोष्ट मलाही भाच्याने अगदी रंगवून सांगितली होती. बरं झालं मूळ लेखात घातली नाही.

जुनापुराणा | रविवार, दुपारी १२:३०

वॉल्विस बेचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण त्या गोष्टीत आपल्या ओळखीचा माणूस आहे. सर बार्टल फ्रिअर. मुंबईचा किल्ला पाडून शहर मोकळं करणारा गव्हर्नर, १८६२ ते १८६७. त्याआधी तो साताऱ्याला रेसिडेंट होता. १८४८ मध्ये सातारचे महाराज वारले तेव्हा दत्तक मान्य करा, राज्य खालसा करू नका, असं त्याने कंपनी सरकारला कळवलं होतं. डलहौसीने ऐकलं नाही आणि खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार फ्रिअरलाच बघावा लागला.

हाच गृहस्थ १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेला. साताऱ्यात एका गादीसाठी शब्द टाकणाऱ्या माणसाने तिथे झुलू राजाला डिसेंबर १८७८ मध्ये निर्वाणीचा खलिता धाडला आणि लढाई ओढवून घेतली. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला इंग्रज फौज कापली गेली, ते सर्वांना माहीत असेलच.

तर फ्रिअरचं म्हणणं होतं की ऑरेंज नदीपासून पोर्तुगीजांच्या हद्दीपर्यंतचा सगळा पश्चिम किनारा आत्ताच ताब्यात घ्या, नाहीतर दुसरं कुणी येईल. लंडनने खर्चाकडे बघून फक्त वॉल्विस बेला मंजुरी दिली. मार्च १८७८ मध्ये तिथे झेंडा लागला. त्या सबंध किनाऱ्यावरचं खोल पाण्याचं बंदर तेवढंच, त्यामुळे कंजूषपणातही इंग्रजांनी मोक्याचा तुकडा उचलला. जर्मनांना पुढे शेजारी स्वाकोपमुंडला उघड्या समुद्रात माल उतरवत बसावं लागलं. आणि हा तुकडा इतका वेगळा राहिला की नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला तरी वॉल्विस बे दक्षिण आफ्रिकेकडेच होता. १ मार्च १९९४ ला मिळाला.

आता धागालेखकांच्या प्रश्नाकडे. कुणापासून संरक्षण? आपल्याकडे हे उत्तर वसईच्या तहात आहे. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचं संरक्षण घेतलं, तैनाती फौज ठेवली आणि परराष्ट्रांशी बोलायचा हक्क सोडला. आफ्रिकेतलं प्रोटेक्टोरेट हे त्याच दुकानातलं कापड.

शंकेखोर | रविवार, दुपारी १:१५

जुपुकाका, नेहमीप्रमाणे सगळं वसईला आणून टेकवू नका. बाजीरावाकडून फौजेच्या खर्चासाठी मुलूख घेतला. इथे तर इंग्रज खर्च करायलाच तयार नाहीत असं तुम्हीच वर लिहिलंय. मग साम्य कुठे?

जुनापुराणा | रविवार, दुपारी ४:४०

झोपून उठलो. मुद्दा बरोबर आहे. दुकान तेच म्हणू, कापड हलकं म्हणू.

सई_ग | रविवार, रात्री ९:५०

मी बोट्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनेत, तीन वर्षं राहिलेय, नवऱ्याच्या नोकरीमुळे. तिथली बाजू लिहिते. थोडं लांबेल.

गाबोरोनेला गेल्यावर पहिल्यांदा कळलं की हे शहर स्वातंत्र्यासाठी म्हणून नव्याने उभारलेलं आहे. त्याआधी या मुलखाची राजधानी होती माफेकिंग, आणि माफेकिंग देशाच्या हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेत! सत्तरच्या आसपास वर्षं एका देशाचा कारभार दुसऱ्या देशातल्या गावातून चालला. १९६५ पर्यंत. इंग्रजांना या देशात किती रस होता हे यावरून समजा.

त्यांना रस होता रस्त्यात. केपमधून उत्तरेकडे जाणारी वाट, मिशनऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची, त्स्वाना लोकांच्या मुलखातून जायची. एका बाजूला कलाहारी, दुसऱ्या बाजूला ट्रान्सवाल या प्रजासत्ताकातले बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे. केपमधला हिऱ्यांचा व्यापारी आणि पुढारी सेसिल ऱ्होड्स या वाटेला व्यापाराचा सुएझ कालवा म्हणायचा. १८८२ च्या सुमाराला बोअर भाडोत्री लोकांनी तिथल्या टोळ्यांच्या भांडणात शिरून जमिनी बळकावल्या आणि त्यावर दोन चिमुकली 'प्रजासत्ताकं' थाटली, स्टेलालँड आणि गोशेन. वाट त्यांच्या अंगणातून जाऊ लागली. त्यात १८८४ मध्ये पश्चिमेला जर्मन झेंडा आला. पूर्वेचे बोअर आणि पश्चिमेचे जर्मन मध्ये हातात हात घालतील तर उत्तरेचा दरवाजाच बंद, ही धास्ती लंडनला बसली. मग मात्र पैसे निघाले. चार्ल्स वॉरन चार हजार सैनिक घेऊन निघाला, टेहळणीसाठी हवेचे फुगेसुद्धा बरोबर होते. गोळी न झाडता दोन्ही प्रजासत्ताकं विरली.

१८८५ मध्ये मोलोपो नदीच्या दक्षिणेचा भाग सरळ वसाहत झाला, तो पुढे केपला जोडला. उत्तरेचा भाग 'संरक्षित'. आणि तेव्हाच्या हाय कमिशनरचं मत असं, की मोलोपोच्या उत्तरेला आपल्याला वाटेपलीकडे काही नको, लुटारू आणि परकी सत्ता तिथे शिरू नयेत एवढं बघायचं, कारभार शक्य तितका कमी करायचा.

तिथल्या प्रमुखांना हे कळत नव्हतं असं समजू नका. बांग्वातोंचा खामा राजी होता, कारण बोअर त्याच्या दाराशी आले होते. बाक्वेनांचा म्हातारा सेचेले मात्र विचारत होता की मी मागितलं नसताना हे संरक्षण कशासाठी? बोअरांशी त्याने पूर्वीच दोन हात केले होते.

खरी परीक्षा १८९५ मध्ये झाली. ऱ्होड्सच्या कंपनीला हा सगळा मुलूख स्वतःकडे हवा होता आणि लंडनचा तसा विचार पक्का होत आला होता. तेव्हा खामा, सेचेलेचा मुलगा सेबेले आणि बांग्वाकेत्सेंचा बाथोएन असे तिघे विलोबी नावाच्या मिशनऱ्याला बरोबर घेऊन सप्टेंबरमध्ये इंग्लंडला पोचले. वसाहतमंत्री चेंबरलेनने सांगितलं, कंपनीशी आपसात मिटवा, आणि तो सुट्टीवर गेला. हे तिघे गप्प बसले नाहीत. गावोगावी फिरले. चर्चमध्ये, दारूबंदीवाल्यांच्या सभांमध्ये बोलले. खामाने स्वतःच्या राज्यात दारू बंद केली होती, आणि कंपनी आली की दारू येईल हे त्यांचं म्हणणं तिथल्या लोकांना थेट भिडलं. चेंबरलेन सुट्टीवरून परतला तर टेबलावर अर्जांचा ढीग. नोव्हेंबरमध्ये त्याने निकाल दिला : मुलूख राणीच्या संरक्षणाखालीच राहील, पण पूर्वेकडचा एक पट्टा रेल्वेसाठी सोडा आणि कर भरा. २० तारखेला विंडसरला राणीची भेट झाली.

तो रेल्वेचा पट्टा कशासाठी वापरला बघा. महिनाभरात, २९ डिसेंबरला, त्यातल्याच पित्सानीहून ऱ्होड्सचा माणूस जेमसन पाचेकशे लोक घेऊन ट्रान्सवालवर चालून गेला. २ जानेवारीला शरण आला. ऱ्होड्सचं केपचं पंतप्रधानपद गेलं. जर्मन सम्राट कैसरने ट्रान्सवालचा अध्यक्ष क्रुगर याला अभिनंदनाची तार केली म्हणून लंडन भडकलं, ते वेगळंच. पण त्या फजितीमुळे कंपनीला बेचुआनालँड, म्हणजे आजचा बोट्सवाना, द्यायची गोष्ट कायमची मागे पडली.

गाबोरोनेत या तिघांचा मोठा पुतळा आहे, २००५ चा, उत्तर कोरियाच्या कंपनीने घडवलेला. तिथे गेल्यावर माझ्या मुलीने विचारलं होतं, हे तिघे इतके चिडलेले का दिसतात?

निवांत | रविवार, रात्री १०:३०

वाचनखूण साठवली. सईताई, हा वेगळा लेख व्हायला हवा.

शंकेखोर | सोमवार, सकाळी १०:०५

सईताई, छान. पण मग 'संरक्षण' चांगलं होतं असा अर्थ घ्यायचा का?

सई_ग | सोमवार, सकाळी ११:३०

छे. १८९१ मध्येच हाय कमिशनरला त्या मुलखात फर्मानं काढायचा अधिकार देऊन टाकला होता, प्रमुखांना न विचारता. बातवानांचा प्रमुख सेकगोमा याला १९०६ मध्ये पकडून विनाचौकशी डांबून ठेवलं. त्याची बाजू लंडनच्या कोर्टात गेली. १९१० मध्ये कोर्टाने सांगितलं की प्रदेश संरक्षित आहे, राजाच्या मालकीचा नव्हे, तरी सरकारने फर्मान काढून केलेली अटक चालते. म्हणजे इंग्रज प्रजेला असलेलं कोर्टाचं संरक्षण या 'संरक्षित' माणसाला नव्हतं. तिघांनी लंडनला जाऊन मिळवलं ते एवढंच, की दोन वाइटांतलं ज्याला लांबून हाकता येईल ते निवडलं. शेजारी ऱ्होडेशियात (आजचा झिंबाब्वे) कंपनी आल्यावर काय झालं ते खामाने जवळून पाहिलं होतं.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी २:२०

तेच लिहायला आलो होतो. लोबेंगुलाची गोष्ट वाचली की पोटात ढवळतं.

तो त्याच ऱ्होडेशियातल्या माटाबेले लोकांचा राजा. १८८७ मध्ये ट्रान्सवालच्या माणसाने त्याच्याशी करार केला. फेब्रुवारी १८८८ मध्ये मॉफट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यावर दुसरा करार केला, की आम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही जमीन द्यायची नाही. मॉफटच्या मिशनरी बापाची आणि लोबेंगुलाच्या बापाची जुनी दोस्ती, त्या विश्वासावर सही मिळाली. हे संरक्षणही नव्हतं, नुसतं दुसऱ्याला दार बंद. दार बंद झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ऱ्होड्सचा भागीदार रड आला. महिना शंभर पौंड, एक हजार मार्टिनी-हेन्री बंदुका, एक लाख काडतुसं आणि झांबेझीवर चालवायला एक आगबोट, किंवा तिच्याऐवजी पाचशे पौंड. बदल्यात राज्यातल्या सगळ्या खनिजांवर एकट्याचा हक्क. दहापेक्षा जास्त गोरे खणायला येणार नाहीत, असं तोंडी आश्वासन दिलं. कागदावर ते नव्हतं. दुभाषा होता मिशनरी हेल्म.

घोटाळा ध्यानात आल्यावर राजाने दोन म्हातारे सरदार, बाबायाने आणि म्शेते, राणीकडे पाठवले. राणीच्या वतीने उत्तर मिळालं की राजाने परक्याला एक बैल द्यावा, सगळा कळप देऊ नये. हे मार्च १८८९. ऑक्टोबर १८८९ मध्ये त्याच राणीच्या शिक्क्याने ऱ्होड्सच्या कंपनीला सनद मिळाली. बैलाचा उपदेश करून सात महिन्यांत कळप विकला. १८९० मध्ये कंपनीची तुकडी माशोनालँडमध्ये शिरून किल्ला बांधून मोकळी. १८९३ मध्ये मॅक्सिम तोफा आल्या, त्यापुढच्या वर्षी लोबेंगुला गेला. इंग्लंड सरडा आहे आणि आपण माशी, असं तो म्हणाल्याचं हेल्मनेच नोंदवलंय.

उत्तरेला, आजच्या झांबियात, बारोत्सेंचा राजा लेवानिका शहाणा होता. त्याने खामाला विचारून राणीचं संरक्षण मागितलं. १८९० मध्ये करार झाला, तो राणीशी झालाय अशा समजुतीत. समोर बसलेला माणूस होता कंपनीचा.

मांडवीकाठ | सोमवार, रात्री ८:४५

आतापर्यंत कुणी पोर्तुगीजांना बोलावलंच नाही! मी पणजीचा, तेव्हा ती जबाबदारी माझी.

पोर्तुगालचा दावा सर्वांत जुना. एका अंगाला अंगोला, दुसऱ्या अंगाला मोझांबिक, तेव्हा मधलं सगळं आमचं, असा नकाशा त्यांनी १८८६ मध्ये गुलाबी रंगात रंगवला. जर्मनी, फ्रान्सने मान डोलावली. इंग्लंडने विचारलं, तिथे तुमचे शिपाई कुठे आहेत? जुने हक्क असतील घरी, ताबा दाखवा. (स्वतः ल्युडेरिट्झच्या किनाऱ्याबाबत ताबा न दाखवता नाही म्हणत होते, ते विसरून.) ११ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडचा पंतप्रधान सॉल्झबरी याने खलिता दिला, शिरे नदीच्या मुलखातून आणि माशोनालँडमधून माणसं मागे घ्या. पोर्तुगालने मान तुकवली. लिस्बनमध्ये एवढा संताप उसळला की त्या वर्षी रचलेलं निषेधाचं गाणं पुढे त्यांचं राष्ट्रगीत झालं.

आता आमचा गोंयकार. मोझांबिक १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालवलं जायचं, त्यामुळे गोव्याची माणसं झांबेझीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जात. त्यातला सगळ्यांत मोठा मानुएल आंतोनियो द सौझा. तिथले लोक त्याला गोव्हेया म्हणत. जन्म गोव्यातला, १८३५ चा. हस्तिदंताच्या व्यापारात शिरला, गोरोंगोझा डोंगरात लाकडी तटबंद्या उभ्या केल्या, स्वतःची बंदूकधारी फौज बाळगली, बारुएच्या राजाच्या मुलीशी लग्न लावून त्या गादीवर हक्क सांगितला. त्याच्या फौजेने गुलाम पकडले, गावं जाळली, हेही सांगायला हवं. आपला माणूस म्हणून हार घालायला मी आलेलो नाही. पण पोर्तुगालचा त्या भागातला 'ताबा' म्हणजे व्यवहारात हा एक गोंयकार. त्याला किताब दिले, गणवेश दिला आणि नकाशा रंगवला.

नोव्हेंबर १८९० मध्ये मानिकाच्या मुतासा राजाच्या गावात तो आणि पोर्तुगीज अधिकारी पाइव्हा द आंद्रादा बसले होते. दोन महिने आधी ऱ्होड्सच्या कंपनीने त्याच मुतासाकडून करार घेतलेला. कंपनीचा कॅप्टन फोर्ब्स मूठभर माणसं घेऊन आला आणि दोघांना धरून केप टाउनला पाठवून दिलं. सौझा परत येईपर्यंत त्याचा पसारा विस्कटला होता. १८९२ मध्ये बारुएच्या लढाईत मारला गेला. मानिकाची सीमा जून १८९१ च्या तहाने ठरली. मुतासा मधल्या मध्ये एकदा यांना, एकदा त्यांना होकार देत राहिला. त्याला तरी दुसरं काय करता येणार होतं?

आणखी एक. सईताईंनी सप्टेंबर १८९५ लिहिलंय ना, तिघे प्रमुख इंग्लंडला पोचले ते? त्याच महिन्यात गोव्यातल्या पोर्तुगीज पलटणीतल्या मराठा शिपायांना हुकूम झाला, मोझांबिकला चला, तिथे गुंगुन्हानाविरुद्ध लढाई आहे. शिपायांनी बंड केलं आणि सत्तरीत नाणूसच्या किल्ल्यावर गेले. दादा राणे आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. ते शमवायला पोर्तुगालच्या राजाचा भाऊ फौज घेऊन गोव्यात आला. आम्ही शाळेत राण्यांचं बंड शिकलो, पण ते शिपाई कुणाशी लढायला नाही म्हणाले, हे कुणी सांगितलं नाही. गुंगुन्हाना म्हणजे दक्षिण मोझांबिकमधल्या गाझा राज्याचा राजा. त्यानेही इंग्रजांकडे वकील धाडले होते, ऱ्होड्सकडून बंदुका घेतल्या होत्या. संरक्षण मिळालं नाही. डिसेंबर १८९५ मध्ये पकडला गेला आणि अटलांटिकमधल्या अझोर बेटांवर कैदेत मेला.

जुनापुराणा | सोमवार, रात्री ९:३०

मांडवीकाठ, दंडवत. सत्तरीच्या बंडाची ही बाजू मलाही ठाऊक नव्हती. वसईबद्दल आता काही बोलत नाही.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ९:१५

लेसोथो राहिलं. आणि नामिबियाचं पुढे काय?

सई_ग | मंगळवार, दुपारी १२:१०

लेसोथोचं थोडक्यात : मोशोएशोने फ्री स्टेटच्या बोअरांशी लढून थकल्यावर इंग्लंडचा आसरा मागितला, १८६८ मध्ये मिळाला. तो गेल्यावर १८७१ मध्ये इंग्रजांनी त्याचा देश परस्पर केप कॉलनीला जोडून दिला. केपने बंदुका जमा करा म्हटल्यावर बासोथोंनी १८८० मध्ये लढाई केली, बंदुका दिल्या नाहीत, आणि १८८४ मध्ये पुन्हा थेट लंडनच्या अखत्यारीत गेले. नकाशात आज तो देश वेगळा दिसतो तो त्या बंदुकांमुळे, असं माझं मत.

नामिबियाचं वाटसरू लिहितील. ते मला लिहवत नाही.

वाटसरू७१ | मंगळवार, रात्री १०:२०

लिहितो, थोडक्यातच. हेरेरोंच्या माहारेरोने १८८५ मध्ये जर्मन संरक्षण घेतलं, कारण नामांचा हेंड्रिक विटबोई त्याच्या गुरांवर चालून येत होता. जर्मनांकडून प्रत्यक्ष मदत काही आली नाही, म्हणून १८८८ मध्ये त्याने तो करार मोडला आणि १८९० मध्ये पुन्हा केला. तेव्हा त्याच्या शत्रूने, विटबोईनेच, त्याला पत्र लिहून बजावलं की तू स्वतःचं राज्य परक्याच्या हाती देतोयस, पुढे पस्तावशील. विटबोईने स्वतः १८९४ पर्यंत सही केली नाही, आणि केली ती तोफांपुढे. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मनांनी हेरेरो आणि नामांचा संहार केला. विटबोई १९०५ मध्ये लढताना पडला. २०२१ मध्ये जर्मनीने त्या संहाराला वंशसंहार म्हटलं.

शंकेखोर | मंगळवार, रात्री १०:४५

मग ती शेपटी आता भांडणाशिवाय नांदते?

वाटसरू७१ | मंगळवार, रात्री ११:३०

नाही ना! तेच आज सापडलं. १८९० च्या तहात सीमा लिहिली आहे चोबेच्या 'मुख्य प्रवाहाच्या मध्यावर'. कसानेजवळ नदी एका बेटाला वळसा घालून दोन फाट्यांनी वाहते. मुख्य फाटा कुठला? नामिबिया म्हणे दक्षिणेचा, म्हणजे बेट आमचं, आमचे मासुबिया लोक तिथे शेती करत आलेत. बोट्सवाना म्हणे उत्तरेचा. तहाचा इंग्रजी मजकूर, जर्मन मजकूर, प्रवाहाची खोली, रुंदी, सगळं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तपासलं गेलं. डिसेंबर १९९९ मध्ये निकाल लागला, बेट बोट्सवानाचं. साडेतीन चौरस किलोमीटर, आणि वर्षातले काही महिने पाण्याखाली.

एका देशात त्याला कासिकिली म्हणतात, दुसऱ्यात सेदुदु. मी ज्याचे फोटो काढले तेच. झेंडा कशाला रोवलाय हे तेव्हा होडीवाल्याला विचारायचं राहिलं. फोटो उद्या टाकतो, बायकोच्या फोनमध्ये आहेत.